जुन्या बंदुकीची डागडुजी

हैदराबाद शहरात आबिदच्या चौकापासून थोड्या अंतरावर 'गनफौंड्री' नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. दुकाने, कचेऱ्या आणि वाहनांची वर्दळ यांमधून रोज वाट काढणाऱ्या माणसाला या नावाचा अर्थ क्वचितच आठवत असेल. जुने हैदराबादकर या जागेला 'तोप का साँचा' म्हणत. साचे घालून तोफा ओतण्याचा कारखाना येथे होता, आणि त्याच्या पडक्या भिंती आजही तेथे पाहावयास मिळतात. दुसरा निजाम, नवाब निजाम अली खान, याच्या कारकिर्दीत १७८६ साली रेमाँ या फ्रेंच सेनानीने हा कारखाना उभारला. हैदराबादच्या लोकांना हा परका माणूस इतका आपलासा वाटला की, हिंदूंनी त्याला 'मुसा राम' केले आणि मुसलमानांनी 'मुसा रहीम'. मुसारामबाग या वस्तीच्या नावात त्याची आठवण अजून शिल्लक आहे.

मराठी माणसालाही या इतिहासाचा धागा अपरिचित नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या मैदानावर मराठे आणि निजाम समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा निजामाच्या कवायती पलटणी याच रेमाँच्या हुकमतीखाली होत्या. आणि गंमत अशी की, मराठ्यांकडील शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्वही पेराँ या फ्रेंच माणसाकडेच होते. त्याच्याही आधी, बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला आणि १७६१ साली पानिपतावर कामी आला. सारांश, दख्खनमध्ये बंदूक आणि तोफ ही केवळ युद्धाची साधने नव्हती. माणसे, कसब आणि कारागिरी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात नेणारी ती वाहने होती.

रेमाँ २५ मार्च १७९८ रोजी वारला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच्या पलटणी इंग्रजांनी लढाईवाचून निःशस्त्र केल्या. पलटणी मोडल्या; बंदुका मात्र नाहीशा झाल्या नाहीत. जहागीरदारांच्या देवड्यांत, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, गढ्यांवरील पहारेकऱ्यांच्या हातांत आणि शिकाऱ्यांच्या खांद्यांवर त्या पुढे दीडशे वर्षे वावरत राहिल्या. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे बीड, नांदेड, परभणीकडील जुन्या घरांत आणि हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एखादी ठासणीची बंदूक अजून का आढळते, याचा उलगडा होतो. ती दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली असते, किंवा माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असते. खंडेनवमीला ती खाली उतरवितात, तिला हळदकुंकू व फूल वाहतात आणि पुन्हा वर्षभरासाठी ठेवून देतात.

अशा घरातील एखाद्या हौशी माणसाच्या मनात कधीतरी येते की, ही बंदूक पुन्हा नीट करावी. यंत्रशाळेतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ असतो, किंवा महाविद्यालयात जाणारा एखादा मुलगा. हौस चांगली आहे. अशा कामाने हाताला वळण लागते, डोळ्याला बारकावे दिसू लागतात आणि आपल्या मागच्या पिढ्यांची ओळख होते. परंतु या हौसेच्या पहिल्याच पायरीवर एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. तो प्रश्न म्हणजे, "ही उडेल का?" खरा प्रश्न निराळा आहे: ही बंदूक काय सांगते, आणि तिचे सांगणे पुसून न टाकता तिला कशी राखावी? या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे, तेच मोडतोड आणि जतन यांमधील अंतर होय.

प्रथम या बंदुका चालत कशा, हे पाहू. तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासावयाची, म्हणून या साऱ्यांना 'ठासणीच्या बंदुका' असे एकच नाव पडले. मात्र दारूला आग पोचविण्याच्या त्यांच्या रीती तीन होत्या. सर्वांत जुनी तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची दोरी. हिलाच जामगी असेही म्हणत. ही दोरी धुमसत राही. चाप ओढला की, दोरी धरलेली वाकडी लोखंडी काडी सापासारखी खाली झुके आणि नळीच्या बाजूस असलेल्या वाटीतील बारीक दारूला, म्हणजे रंजकाला, आग लावी. ती आग 'काना'तून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आतील दारूपर्यंत जाई आणि बार उडे. पुष्कळदा रंजक भुर्रकन पेटे आणि आतील दारू मात्र तशीच राही. 'फुसका बार' या शब्दाची खुमारी अशा प्रसंगी कळते.

दुसरी चकमकीची बंदूक. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसविलेला असे. चाप ओढताच घोडा पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या रंजकावर पडत आणि पुढचे काम पूर्ववत होई. जळती दोरी बाळगण्याची कटकट गेली, तरी पाऊस आला की, रंजक भिजून बंदूक मुकी व्हावयाची. तिसरी रीत निघाली ती एका धर्मोपदेशकाच्या शिकारीच्या छंदातून. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्यास असे आढळले की, रंजकाचा भपका दिसताच पाणपक्षी उडून जातात. म्हणून आघाताबरोबर पेटणारे रसायन वापरण्याची युक्ती त्याने शोधली आणि १८०७ साली तिचा एकाधिकार घेतला. पुढे या युक्तीवरून तांब्याच्या लहानशा टोपीत ते रसायन भरण्याची पद्धत निघाली. आपल्याकडे तिला 'केपाची बंदूक' म्हणत. १८५७ च्या उठावाशी ज्या एन्फील्ड बंदुकीचे नाव जोडले गेले, ती १८५३ च्या नमुन्याची बंदूक याच जातीची होती.

मौजेची गोष्ट अशी की, नवी आली म्हणून जुनी गेली नाही. युरोपातील सैन्यांनी तोड्याची बंदूक केव्हाच टाकून दिली होती, तरी आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकातही सर्रास वापरात होती. कारण साधे आहे. तिच्यात नाजूक कमानी नव्हत्या, आणि ती बिघडली तर गावचा लोहार व सुतार मिळून तिला वाटेवर आणू शकत. म्हणूनच केवळ जातीवरून बंदुकीचे वय ठरविणे धोक्याचे असते.

आता डागडुजीकडे वळावयाचे. हौशी माणसाने सर्वांत आधी करावयाची गोष्ट ही दुरुस्तीची नसून खात्रीची आहे. नळीत बार भरलेला आहे की काय? पूर्वी दरोडेखोरांच्या किंवा जनावरांच्या भयाने बंदूक ठासून ठेवण्याची चाल होती. ठासलेला बार सहजासहजी परत काढता येत नाही. तो भरणारा माणूस गेला, घर बदलले, आणि बंदूक तशीच भिंतीवर राहिली. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटू शकते. दिसावयास निरुपद्रवी असलेली वस्तू अशा वेळी जिवावर बेतते.

याची परीक्षा सोपी आहे. बंदुकीचे तोंड कोणाच्याही, आणि स्वतःच्याही, अंगाकडे येणार नाही असे ठेवावे. एक लांब, सरळ लाकडी काठी नळीत हलकेच, जोर न करता, जाईल तेथवर सारावी आणि तोंडापाशी तिच्यावर खूण करावी. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरील बाजूस तीच खूण तोंडाशी जुळवून धरावी. काठीचे टोक कानापर्यंत पोचले, तर नळी बहुधा रिकामी आहे. ते कानाच्या बरेच अलीकडे राहिले, तर आत काहीतरी आहे, आणि ते भरलेला बारच आहे असे समजून चालावे. मग तेथे हौस संपली. नळी तापवू नये, ठोकू नये, आत सळई खुपसू नये. पोलिसांना कळवावे आणि जाणत्या परवानाधारक कारागिराच्या हातून ते काम करवावे.

दुसरी खात्री कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सवलत आहे. पण तिला एक महत्त्वाची अट आहे. ते शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. शिवाय बंदुकांच्या दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय कोणालाही करता येत नाही. २०२० साली केंद्रीय गृहमंत्रालयाने असे स्पष्ट केले की, जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे भारतीय नागरिकाला परवान्याविना जवळ ठेवता येतील. मात्र ती वापरावयास, घेऊन फिरावयास किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावयास योग्य तो परवाना लागेल. म्हणजे माळ्यावरची बंदूक गाडीत घालून कारागिराकडे नेणे हीदेखील विचारपूस करून करावयाची गोष्ट आहे. आपली वस्तू या वर्गात मोडते की नाही, हे आपण ठरवावयाचे नसून हैदराबादेत पोलीस आयुक्तांच्या कचेरीने आणि जिल्ह्याच्या गावी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवावयाचे असते. त्याखेरीज शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तूंसंबंधीच्या कायद्यात येते, आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठविता येत नाही.

यावरून एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. जी बंदूक पुन्हा उडती करण्याच्या नादात माणूस पडतो, तीच कायद्याच्या सवलतीबाहेर जाते. आणि शतकापूर्वीची गंजाने पोखरलेली नळी नव्या दारूचा भार सोसेल, याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही. नळी फुटते तेव्हा ती नेम धरणाऱ्याच्या तोंडाजवळ फुटते.

या दोन खात्री झाल्यावर मग हत्यारे हातात घ्यावयाची काय? नव्हे, आधी वही घ्यावी. बंदुकीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, मापे घ्यावीत आणि तिच्यावरील प्रत्येक खूण उतरून काढावी. जुनी बंदूक हा एक लेख असतो. घोड्याच्या पट्टीवर मुकुट आणि 'टॉवर' हे शब्द असतील, तर तिचा संबंध इंग्रजी सैन्याच्या पुरवठ्याशी पोचतो. बदामाच्या आकारात ईस्ट इंडिया कंपनीची अक्षरे असतील, तर ती बहुधा १८०८ पूर्वीची. त्या सुमारास कंपनीने ती खूण सोडून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आपल्या शस्त्रांवर कोरावयास आरंभ केला. इंग्लंडातील लंडन व बर्मिंगहॅम येथे नळ्यांची जास्त दारू भरून परीक्षा होई आणि उतरलेल्या नळीवर ठसा उमटवीत. देशी बंदुकीवर एखाद्या कारागिराचे नाव, शस्त्रागाराचा आकडा किंवा फारसी अक्षरे सापडतात. दस्त्यावर पट्ट्याने पडलेला घासल्याचा डाग, तुटलेल्या जागी आवळून बांधलेली पितळी तार, कच्च्या चामड्याचा वेढा हेही त्या लेखातील शब्दच आहेत. कोणा गावच्या सुताराने दोनशे वर्षांपूर्वी केलेली दुरुस्ती ही बंदुकीच्या चरित्राचा भाग आहे. ती 'गावठी' म्हणून उखडून टाकणे म्हणजे पोथीचे एक पान फाडणे.

सर्वांत अधिक नासाडी होते ती गंज काढण्याच्या उत्साहात. लोखंडी वस्तू काळपट दिसली की, तिला पॉलिश कागदाने घासावे, लिंबू-चिंच लावावी किंवा सरळ फिरत्या चाकावर धरून रुप्यासारखी चकचकीत करावी, असे पुष्कळांना वाटते. पण सगळा गंज सारखा नसतो. लालसर, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज हा जिवंत असतो. तो लोखंड खात असतो आणि त्याला थांबविलेच पाहिजे. काळसर तपकिरी, घट्ट आणि गुळगुळीत थर मात्र लोखंडाचे रक्षण करतो. किंबहुना, पुष्कळ नळ्यांवर कारागीर मुद्दाम सावकाश गंज चढवीत, तो घासून बसवीत आणि पुन्हा चढवीत, असे अनेक वेळा करून तिला सुरेख तपकिरी रंग आणीत. म्हणजे ज्याला आपण मळ समजतो, तोच तिचा मूळचा पोशाख असू शकतो.

देशी नळ्यांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून आणि तापवून जोडलेल्या चांगल्या नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावांत तयार होणारे पोलाद एके काळी इराणपर्यंत जात असे. त्या परंपरेतील धातुकामाचे सौंदर्य या लहरींतच असते. काही नळ्यांवर सोन्यारुप्याची तार ठोकून बसविलेले कोफ्तगिरीचे काम असते, आणि ते कागदाहून जाड नसते. फिरत्या चाकाखाली हे सारे काही क्षणांत जाते. गेलेले सोने पुन्हा चढविता येईल. पण ते त्या कारागिराचे नसेल.

मग करावे काय? पातळ खनिज तेल लावून काही दिवस थांबावे. भुसभुशीत झालेला गंज मऊ कापडाने पुसावा. फार तर बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीने हलकेच खरवडावा. खोबरेल वा गोडे तेल लावू नये. ते काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते आणि आंबून धातूला बाधते. पितळी फुल्या व पट्ट्यांवर बाजारातील चकाकी आणणारी द्रावणे वापरू नयेत, कारण त्यांतील अमोनियाने जुने पितळ तडकण्याचा संभव असतो. दस्त्याचे लाकूड तासू नये आणि त्यावर व्हार्निशचा थर देऊ नये. किंचित ओलसर कापडाने धूळ टिपावी, लगेच कोरडे करावे आणि मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. स्क्रू जाम झाला असेल तर जोर करू नये. पूर्वीचे स्क्रू हाताने घडविलेले असत, आणि एका भोकातला दुसऱ्या भोकात बसत नसे. त्यामुळे खाचेत चपखल बसणारा पेचकस वापरावा, तेल मुरू द्यावे, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा. तरीही तो न निघाल्यास तसाच असू द्यावा. बंदूक पूर्ण खोललीच पाहिजे, असा कोणाचा हुकूम नसतो.

हे झाल्यावर राखण उरते, आणि ती वर्षभराची असते. हैदराबादचा उन्हाळा कोरडा, तर पावसाळा दमट. उन्हाळ्यात लाकूड आकसते व तडकते. पावसाळ्यात लोखंड गंजते. हवेतील आर्द्रता शेकडा ४५ ते ५५ च्या आसपास राहील, अशी जागा उत्तम. बाहेरच्या भिंतीला, जिला ओल येते, बंदूक टांगू नये. चामड्याच्या म्यानात किंवा गोणपाटात ती गुंडाळू नये, कारण दोन्ही दमटपणा धरून ठेवतात. हाताळताना सुती हातमोजे घालावेत. घामातील मिठाने बोटांचे ठसे लोखंडावर कोरले जातात. आणि खंडेनवमीची पूजा जरूर करावी. मात्र ओले हळदकुंकू लोखंडावर न लावता शेजारी ठेवलेल्या सुपारीला लावले, तर श्रद्धेत काही उणे पडत नाही आणि बंदूकही वाचते.

ज्याला या कामात डोळा तयार करावयाचा असेल, त्याने मुसी नदीकाठच्या सालारजंग संग्रहालयात एक दिवस काढावा. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांचा हा संग्रह १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते लोकांसाठी खुला झाला, १९६१ च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्व मिळाले आणि १९६८ मध्ये तो सध्याच्या वास्तूत आला. तेथील शस्त्रदालनातील वस्तूंपाशी थोडे थांबून पाहावे. झीज कोठे आहे, लाकडाचा रंग कसा आहे, नळीवरची नक्षी किती उथळ आहे, हे न्याहाळावे. वस्तू जपणे म्हणजे तिला पुन्हा तरुण करणे नव्हे, हे पुस्तकापेक्षा अशा दालनात लवकर उमजते.

एखादा भाग हरवलेला असेल, समजा घोडा किंवा गज नसेल, तर तो नवा करून बसविण्यास हरकत नाही; दोन अटी मात्र पाळाव्यात. तो पुढेमागे काढून घेता यावा, आणि तो नवा आहे हे लपवू नये. त्याच्या आतील बाजूस साल कोरून ठेवावे. नव्या भागावर आम्ल घालून त्याला जुनाट रूप देणे ही कारागिरी नसून लबाडी आहे. पुढच्या पिढीतला अभ्यासक तिच्यामुळे फसतो आणि गिऱ्हाईक लुबाडले जाते.

आणि शेवटची गोष्ट, जी पुष्कळजण विसरतात. बंदुकीबरोबर तिची हकीकतही जतन करावी. ती घरात केव्हा आली, कोणी वापरली, कोठल्या गढीवर होती, तिच्यावर कोणते काम केव्हा केले, हे एका कागदावर लिहून तो तिच्याजवळच ठेवावा. घरातील वडील माणूस आहे तोवर हे विचारून घेता येते. तो गेल्यावर भिंतीवर उरते ती केवळ लोखंडाची नळी आणि लाकडाचा दांडा. ज्या बंदुकीची हकीकत लिहिलेली आहे, ती कधीही न उडता आपल्या घराबद्दल आणि आपल्या मुलखाबद्दल बोलत राहते.